गोदामाला प्रदक्षिणा

खुर्ची हा माणसाचा पहिल्या नंबरचा शत्रू आहे, असं मनापासून मानणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझ्या नशिबानं तो आमच्याच ऑफिसचा मॅनेजर निघाला. कर्नाटकाच्या सीमेवरल्या कमलनगरच्या बाहेर आमची डाळ मिल. पुढं चार टेबलांचं ऑफिस, मागं तुरीचं लांबलचक गोदाम. मॅनेजरला आम्ही अण्णा म्हणायचो. साठीला टेकलेला सडसडीत माणूस. पांढरा शर्ट, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि चाल अशी की सोबतच्याला जवळजवळ पळावं लागायचं. ते बसलेले कुणी पाहिले नव्हते. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, आणि सही करताना टेबलावर असे वाकायचे, की त्याच्या कानात काही गुपित सांगतायत असं वाटावं.

आल्या आल्या त्यांनी पाण्याचा माठ ऑफिसातून उचलला आणि आवाराच्या पार टोकाला, लिंबाखाली नेऊन ठेवला. "तहान लागली तर जा की चालत. पाणी गार लागतंय," एवढंच स्पष्टीकरण. मग टेबलावरची घंटी गेली. आवारातल्या आवारात फोन लावायला बंदी आली. वजनकाट्यावर निरोप द्यायचा तर पायानं जाऊन द्यायचा. माझ्या हाताशी असलेला प्रिंटर पलीकडच्या टोकाला बसणाऱ्या क्लार्क शांताक्काच्या टेबलाजवळ गेला आणि शांताक्काचं फायलींचं कपाट माझ्या पाठीमागं आलं. त्यामुळं आम्ही दोघं दिवसभर वाटेत एकमेकांना भेटायचो आणि लग्नात भेटलेल्या पाहुण्यांसारखं "बरं हाय ना?" विचारून पुढं जायचो.

पण खरा कहर म्हणजे फेऱ्या. सकाळी अकराला आणि दुपारी चारला अण्णा दारात उभं राहून टाळ्या वाजवायचे, "एळ्री, एळ्री! उठा बरं सगळे!" हुकूम कानडी-मराठी दोन्हीत सुटल्यामुळं कळलं नाही म्हणायची सोय नसायची. मग सगळ्या ऑफिसानं गोदामाला तीन प्रदक्षिणा घालायच्या. रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तर फाटकाशी थांबून, हात जोडून विचारलं होतं, "आत कुठला देव बसवलाय?" हमाल पोत्यांवर बसून आमची ही मिरवणूक बघत हसायचे. अण्णांनी त्यांना मात्र कधी उठवलं नाही. "ते सकाळपासून पोती उचलायलेत. बसायचा हक्क त्यांचा हाय, तुमचा न्हाई," म्हणायचे.

सगळ्यात जास्त वैतागले होते ते वजनकाट्यावरचे दस्तगीरभाई. साऱ्या तालुक्याचं वजन करणारा हा माणूस स्वतः काट्यावर पाय ठेवायला कधी तयार नसायचा. "अण्णा, पगार मी घेतो, माझे गुडघे घेत न्हाईत. त्यांना कामून कामाला लावायलाव?" असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. अण्णांनी वाद घातला नाही. त्यांचा हात धरला आणि चालायला लागले. आम्हाला पळवणारा तो माणूस दस्तगीरभाईंबरोबर इतका हळू चालायचा, की आमच्या तीन फेऱ्या व्हायच्या तेव्हा त्या दोघांची एकसुद्धा पुरी झालेली नसायची. वाटेत गप्पा कसल्या, तर कुठल्या झाडाचा आंबा लोणच्याला चांगला. असं वर्षभर चाललं.

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी दस्तगीरभाई शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले. "अण्णा," ते म्हणाले, "दोन वर्षं खुर्चीवर बसून नमाज पढायलो होतो. काल खाली टेकलो. कपाळ जमिनीला लागलं."

डबा हातात घेऊन अण्णा सरळ माझ्या खुर्चीवर बसले. त्यांना बसलेलं मी पाहिलं ते त्या एकाच दिवशी.

आणि मग एके दिवशी चार वाजता, न कळवता, हैदराबादहून मालक आले. ऑफिसात चिटपाखरू नाही आणि फोन खणखणतोय. शोधत मागं गेले तर सगळा स्टाफ शांताक्काच्या मागोमाग हात हलवत निघालेला. मालक लाल झाले. "मी काय फिरायचा पगार द्यायलोय? अण्णा, उद्यापासून हे बंद. न्हाई तर तुम्ही बंद!"

आम्ही माना खाली घातल्या. बोलले ते दस्तगीरभाई. "मालक, ह्या फेरीपायी एक गाडी जरी काट्यावर ताटकळली असंल तर मला काढा. अण्णांना कामून?"

मालक घुटमळले. तेवढ्यात अण्णा पुढं झाले. "उन्हात उभारू नका मालक. चालत चालत बोलू." आणि बोलत बोलत त्यांनी मालकांना त्यांच्या पोटासकट, त्यांच्याच गोदामाला तीन फेऱ्या घालायला लावल्या. मालक परतले ते धापा टाकत, घाम पुसत. "चारची राहू द्या," एवढंच म्हणाले. "अकराची बंद." गाडी फाटकाबाहेर गेल्यावर शांताक्का हळहळली, "अजून एक फेरी घातली असती अण्णा, तर अकराची बी मिळाली असती!"

यथावकाश अण्णा निवृत्त झाले आणि कलबुर्गीला मुलाकडं राहायला गेले. चौथ्या मजल्यावर घर, लिफ्ट आहे. मध्ये एकदा फोनवर मी चेष्टेनं विचारलं, "अण्णा, तिथं किती फेऱ्या होतात?"

अण्णा म्हणाले, "न्हाई रे. इथं कुणाला उठवू? एकट्याचा पायच उचलंना गेलाय."

इतकी वर्षं मी समजत होतो, की हा माणूस आमच्या भल्यासाठी आम्हाला चालवतोय.

त्या रविवारी मी, शांताक्का आणि दस्तगीरभाई सकाळच्या पहिल्या बसनं निघालो, बिदरला गाडी बदलली आणि दुपारी त्यांच्या दारात उभे राहिलो. दार अण्णांनीच उघडलं. थोडे वाळल्यासारखे दिसले. आमच्याकडं एकेक करून बघितलं, आणि मग आत वळून सुनेला मोठ्यानं हाक दिली, "अगं, आमचा स्टाफ आलाय!"

आणि दाराआडचे कॅनव्हासचे बूट ओढून, उभ्या उभ्याच पायांत घालायला लागले.