कोबीची मच्छरदाणी

मास्तरांचं सगळं आयुष्य पडद्यांत गेलं. नाटकाच्या नव्हे, खिडक्यांच्या. बाजारातल्या गल्लीत त्यांचं अरुंद दुकान होतं आणि त्यात एक मशीन, एक टेबल आणि मास्तर असे तिघे दाटीवाटीनं राहत. शाळेशी त्यांचा संबंध लहानपणीच संपला होता, पण शिवणाऱ्याला मास्तर म्हणतात म्हणून तेही मास्तर. माणूस नवा भेटला की त्याच्या तोंडाकडे बघण्याआधी ते त्याच्या घराच्या खिडक्यांचा अंदाज घेत. पडदा उडू नये म्हणून खालच्या दुमडीत ते शिशाचे तुकडे घालून शिवत. त्यांचा पडदा एकदा खाली आला की त्याला हलवायची वाऱ्याची टाप नव्हती.

लग्न राहून गेलं. आधी दुकान स्थिरावू दे म्हणाले, मग दुकान स्थिरावलं आणि मास्तरही. थोरला भाऊ वारल्यावर घरात ते आणि वहिनी एवढेच उरले. वहिनींची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली. दोघांचं बोलणं बेताचं. पाणी तापलंय, चहा ठेवते, आज उशीर होईल. पण इतक्या वर्षांत त्या घरात कुकर सोडून कोणाचा आवाज चढला नव्हता.

स्वयंपाकघरामागे वहिनींचे वाफे होते. कोबी, फ्लॉवर आणि कडेला थोडे नवलकोल. रोज सकाळी त्या बुटकं स्टूल घेऊन तिथे बसत आणि एकेक पान उलटून बघत. पानामागे पिवळी अंडी दिसली की अंगठ्यानं पुसून टाकायची, अळी दिसली की उचलून भिंतीवर ठेवायची. तिथे चिमण्या पंगतीला बसल्यासारख्या वाट बघत असत. भिंतीपलीकडून शेजारचे कंडक्टर गप्पांना हजर. नोकरीतून निवृत्त झाले तरी माणसं चढली किती, उतरली किती याची चौकशी त्यांनी सोडली नव्हती, फक्त आता ती गल्लीपुरती होती. मास्तर तेव्हा चहा ढोसून दुकानाला निघालेले असत. जाताजाता ‘‘काय वहिनी, कोबीच्या उवा काढून झाल्या का?’’ एवढं विचारत. रोज तोच विनोद, आणि वहिनी रोज नव्यानं हसत.

पुढे लोक तयार पडदे आणू लागले आणि मास्तरांचे डोळेही सुईशी फटकून वागू लागले. दुकान बंद झालं. घरी बसलेल्या मास्तरांना आपल्या हातांचं काय करावं कळेना. त्यातच एके दिवशी पारव्यांनी कोबीची रोपं टोचून काही पानांची चाळण केली. वहिनी म्हणाल्या, दोन काठ्या रोवून फडकी बांधते, आणि गुडघा धरून कशाबशा उठल्या. मास्तरांनी ते पाहिलं, आणि त्यांचं ठरलं.

दुकानातलं उरलेलं जाळीचं कापड बाहेर आलं. मास्तरांनी सळ्या वाकवल्या, मापं घेतली, पुन्हा घेतली, आणि सगळ्या वाफ्यांवर मिळून एक पांढराशुभ्र तंबू उभा केला. शिवणीत फट म्हणून नाही. खाली चारी बाजूंनी शिसं. आत जायला फक्त एक कोपरा, तोही मास्तरांनाच ठाऊक, आणि तिथूनही रांगतच जावं लागे. जन्मात एवढा मोठा पडदा त्यांनी शिवला नव्हता. कंडक्टरांनी भिंतीवरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘कोबीला मलेरिया होतो का हो, मास्तर?’’

वहिनींनी कापडावरून हात फिरवला. छान झालंय म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘‘पण भाऊजी, पानं बघायला हात कुठून घालायचा?’’

‘‘हात घालायचं कामच उरलं नाही, वहिनी. आयुष्यभर वाकलात, आता आराम करा. उगाच लुडबूड नको.’’

मास्तर हे मायेनं बोलले होते. पण कापडाला दहादा माप लावणारा हा माणूस बोलायच्या आधी एकदाही माप घेत नसे.

सुरुवातीला वहिनी सवयीनं स्टूल घेऊन बाहेर येत आणि तंबूशेजारी बसत. मग नुसत्याच दारात उभ्या राहत. मग खिडकीतून बघत. गुडघ्यांना आराम पडतोय, असं मास्तरांना वाटलं. एके दिवशी त्या म्हणाल्या, मुलगी कधीची बोलावतेय, थोडे दिवस जाऊन येते. निघाल्या त्या सकाळी मांजरानं फाडलेला कोपरा शिवायला मास्तर आत बसले होते, तोंडात टाचण्या. वहिनी पिशव्या घेऊन जाळीपाशी आल्या आणि थोडा वेळ उभ्या राहिल्या. मास्तरांनी मान डोलावली. तोंडात टाचण्या असताना माणूस आणखी काय करणार? रिक्षा वाजली आणि त्या गेल्या.

जाळीवरून पाइपनं पाणी मारायचं आणि बाहेरून हिरवं दिसतंय म्हणून समाधान मानायचं, असा मास्तरांचा क्रम चालला होता. चिमण्या तंबूवर बसून आत टक लावून बघत. मास्तर त्यांना हुसकावत. अखेर कंडक्टरच म्हणाले की तुमच्या कोबीतून पलीकडची भिंत दिसायला लागली आहे. मास्तर रांगत आत गेले. पानांच्या जागी शिरा उरल्या होत्या, आणि शिरांवर अळ्या. गड्ड्यांत, देठांवर, बोट ठेवाल तिथे. तंबू उभारला तेव्हाच पानांमागे अंडी होती. मास्तरांनी अळ्यांना कुलूपबंद घर बांधून दिलं होतं आणि चिमण्यांना बाहेर ठेवलं होतं.

‘‘रोज सकाळी वहिनी काय करायच्या, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?’’ कंडक्टरांनी विचारलं. आवाजात थट्टा नव्हती.

‘‘मला वाटायचं, वेळ घालवतात.’’

कंडक्टरांनी भिंतीवरची माती उगाच बोटानं खरवडली. मग म्हणाले, ‘‘मला विचारलं होतं त्यांनी, मास्तरांना जाळीला एखादं तोंड ठेवायला सांगाल का? मी म्हटलं, तुम्हीच सांगा की. तर म्हणाल्या, इतक्या हौसेनं शिवलंय, उसवा म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?’’

त्या दुपारी मास्तरांनी फोन लावला. मागे कुठलं तरी लहान पोर भोकाड पसरत होतं आणि वहिनी त्याला दटावत होत्या. मास्तरांनी तब्येत विचारली, गुडघे विचारले, हवा विचारली. मग म्हणाले, अळ्या पडल्या.

वहिनींनी सगळं नीट सांगितलं. गेलेले गड्डे काढून टाका, मधला कोंब शाबूत असेल तेवढी रोपं ठेवा, जाळी दिवसभर वर करून ठेवा, चिमण्यांना येऊ द्या. सकाळी ऊन चढायच्या आत पानं बघा. खालच्या पानापासून सुरू करा. त्या भराभर बोलत होत्या. इतकं एका दमात त्या घरात कधी बोलल्या नव्हत्या.

‘‘तुम्ही कधी येताय?’’ मास्तरांनी विचारलं.

वहिनी म्हणाल्या की मुलगी सकाळीच कामाला जाते, नातू त्यांच्याशिवाय दूध पीत नाही. गॅलरीत कुंड्या आहेत, त्यात मिरच्या लावल्या आहेत. मग हळूच म्हणाल्या, ‘‘आणि मला वाटलं, तिकडे आता माझी लुडबूड नको आहे.’’

पोर रडायचं थांबलं होतं, म्हणजे वहिनींनी त्याला उचललं असावं. मास्तरांनी खिडकीतून तंबूकडे पाहिलं.

‘‘वहिनी, मी जाळीला तोंड ठेवतो. मोठं. तुमच्या स्टुलासकट आत जाता येईल असं.’’

पलीकडून पोराला थोपटल्याचा आवाज आला.

‘‘ठेवा, भाऊजी,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘तुम्हाला आत बसायला बरं पडेल.’’