सोनं गावलं

अख्ख्या कृष्णाकाठी माझ्या मेव्हण्याइतका खरं बोलणारा माणूस जन्माला आला नाही, आणि त्याच्याइतकं 'खोटारडा' म्हणवूनही कुणी घेतलं नाही. हे मी सांगतोय म्हणजे ते तसंच आहे. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, पुढं मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. पण डोळ्यांनी बघितलेलं सांगायला बुकं लागत नाहीत. ज्याला पटणार नाही त्यानं आष्ट्याला माझ्या ओसरीवर यावं. चहा पाजून पटवीन.

मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं गाव आमच्यापासून जवळच, सकाळी गाडी जुंपली की न्याहारीला पोचावं इतकं. गाव लहान, नदीच्या अगदी कुशीत. काठाला गाळाची मळी, मळीत वांगी, आणि त्या वांग्यांवर गावाचा सगळा तोरा. मेव्हणा शेवग्याच्या शेंगेसारखा उंच आणि वाळका, कान मात्र देवानं दुसऱ्या कुणासाठी केलेले ह्याला लावलेले. गाडी वळणावर दिसायच्या आधी हा घुंगरांवरनं सांगायचा, "पाटलाची खिल्लारं हायत, डावा बैल लंगडतोय." गाडी यायची आणि डावा बैल लंगडत असायचा. ह्या कानांनीच पुढं त्याचा घात केला.

पण त्याची खरी तऱ्हा वेगळीच होती. कुठलीही गोष्ट तो पुराव्याशिवाय सांगायचा नाही. तिकडं पाऊस झाला हे सांगायला आमच्या अंगणात उभा राहून भिजलेला पटका पिळून दाखवायचा. बाजारात मेथी महागली म्हणाला तर जुडी दाखवायचाच, जमलं तर विकणारीलाही हाताला धरून आणायचा. एकदा त्याची गाय व्याली. ती बातमी द्यायला हा वासरू खांद्यावर टाकून आष्ट्याला आला. मागं गाय हंबरत, तिच्या मागं दोन गावची कुत्री, आणि पेठेतली माणसं दुकानं सोडून बघायला उभी. एकदा सासूबाईंची दाढ काढली. आक्काला कळवायला पाहिजे म्हणून आला, आणि पटक्याच्या पाठीवर लोंबत्या सोग्यातनं ती दाढ काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली. मी जेवत होतो.

"आवं मेव्हणं, तुमच्या शब्दावर इश्वास हाय की माझा!" मी म्हणालो.

"तसं समदीच म्हनत्यात, दाजी," तो म्हणाला, "पर दाढ बघितल्याली बरी."

ही खोड त्याला लागली ती सोन्यापायी. त्याची पोरगी पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस, नदीवर दाट धुकं. मेव्हणा घाटाखाली बैल धूत होता. पैलतीर दिसत नव्हतं, पण तिकडनं बाईची हाळी आली, "सोनं गावलं गं! डोहाच्या कडंला सोनं गावलं!" ह्यानं बैल तसेच पाण्यात सोडले आणि ओल्या धोतरानं गावभर बोंब ठोकली. दुपारपर्यंत गावात एक चाळण, एक सूप, एक काथवट जागेवर राहिली नाही. ज्यात बायका भाकरीचं पीठ मळायच्या त्या लाकडी काथवटीत गडी माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून वाळू हिंदकळू लागली. सोनारांच्या दुकानातली माती धुऊन कण काढणारे झारेकरी सांगलीहून बिऱ्हाडासकट आले. घाटावर चहाची दुकानं लागली, भज्यांचा घाणा पडला. जाणती चार माणसं नावेनं पैलतीरी विचारायला गेली. तिकडचे म्हणाले, "आमच्यात न्हाई बा काय गावलं," आणि म्हणता म्हणता तेही खणतच होते. मग काय, आमच्या लोकांची खात्रीच पटली. नदीतली वाळू संपली तशी ते मळीत शिरले. शेवटी हाताला काय लागलं, तर अभ्रकाचा एक कपटा. झारेकरी शिव्या घालत गेले आणि मळीतली वांगी मुळासकट गेली. त्या साली त्या गावानं दुसऱ्याकडनं वांगी आणून खाल्ली. सोनं मिळालं नाही हे गाव विसरलं, पण वांगी काही विसरलं नाही. 'हाळी-बिळी काय नव्हती, ह्यानंच उठवलं' असं ठरलं. तेव्हापासून त्याला पंचात घेईनात, साक्षीला बोलवीनात. 'आज सोमवार' असं तो म्हणाला तरी माणसं दुसऱ्याला विचारायची.

बाकीच्यांनी खणणं सोडलं, ह्यानं सोडलं नाही. रोज सकाळी बायकोची काथवट घेऊन हा नदीत उभा. बायको बिचारी पितळीत पीठ मळायची. पितळी सरकायची आणि भाकरी नकाशासारखी व्हायची. ती म्हणायची, "मला सोनं नगं, माझी काथवट द्या." तो म्हणायचा, "सोन्यासाटनं न्हाई गं. गुंजभर गावलं की चावडीवर ठिवतो आन गप बसतो. माझा कान खोटा न्हाई एवढं दिसू दे." मी हट्टी आहे असं माझी बायको म्हणते. तिनं तिच्या भावाकडं बघावं.

पोरगी मोठी झाली. नाकीडोळी नीटस, कामाला वाघीण, पण स्थळं यायची आणि वेशीवरनं परत जायची. 'बापाच्या शब्दाला किंमत न्हाई' एवढंच गावात कानावर पडायचं. लढाई चालू होती त्या साली पैलतीराचं एक चांगलं स्थळ आलं. मुलगा फौजेत, रजेवर आलेला. रजा संपायच्या आत काय ते ठरवायचं होतं. बैठकीला मलाही बोलावलं. मेव्हण्यानं आदल्या दिवशी मला हळूच सांगितलं, "दाजी, हे गेलं तर पोरगी माझ्यापायी घरात ऱ्हाईल. मग मी त्या नदीत हुबा ऱ्हाऊन तरी काय करू?" एवढं बोलणं त्यानं पुराव्याशिवाय केलं, तेव्हाच मी ओळखलं की हा घाबरलाय.

बैठक छान चालली. पान झालं, मानपान ठरलं. मुलाच्या बापानं फोडायला सुपारी हातात घेतली, आणि तेवढ्यात मेव्हण्याचा चुलतभाऊ घसा खाकरून म्हणाला, "करा की सोयरीक. पर शब्द नीट पारखून घ्या, पाव्हणं. ह्यानं एकदा आख्खं गाव खनाय लावलंया. सोनं गावलं म्हनं!" सगळ्यात जास्त वांगी ह्याचीच गेली होती. मुलाच्या बापानं सुपारी तबकात परत ठेवली.

मेव्हण्याचे मोठे कान लाल झाले. तो म्हणाला, "म्या मनानं काय बोललो न्हाई. बाईमानसाची हाळी हुती. 'सोनं गावलं गं' म्हनली. 'डोहाच्या कडंला' म्हनली. आयकलं तेवढं सांगितलं."

उंबऱ्याशी मुलाची म्हातारी आजी बसली होती. तिनं डोईवरचा पदर सारखा केला. "कवाची रं गोष्ट, बाबा?"

"पोरगी पाळन्यात हुती तवाची. थंडीची. लय धुकं हुतं."

"आगं आई गं!" म्हातारीनं तोंडावर हात मारला. "आरं, ती म्याच की! माझं वासरू हुतं. पिवळंधमक, म्हनून त्याला 'सोनं' म्हनायची. राती दावं तोडून गेल्यालं, सकाळच्या पारी डोहाच्या कडंला गावलं. जावंला हाळी दिली म्या."

"मग आमची मानसं इचारायला आली तवा बोलला का न्हाई?" चुलतभाऊ तडकला.

"ती खरंखुरं सोनं इचारत हुती, माझं वासरू कोन इचारत हुतं? आन तुमी खनाय लागला म्हनून आमीबी खनलं. आमास्नी वाटलं, तुमच्यातच गावलंया!"

कुणी हसलं नाही. सगळे मेव्हण्याकडं बघत होते. पोरीचा पाळणा हलत होता तेव्हापासून तिचं लग्न ठरेपर्यंत हा माणूस एका वासरासाठी वाळू धूत होता. आता ह्याचं काय होणार? मी त्याचा गुडघा धरून ठेवला. त्यानं तो हळूच सोडवला आणि म्हातारीपुढं जाऊन बसला.

"म्हंजे हाळी दिलीसा तुमी?"

"दिली की रं बाबा."

"सोनं गावलं, असंच म्हनला?"

"आक्षी असंच."

मेव्हणा चुलतभावाकडं वळला. असा उजळलेला चेहरा मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. "आयकलंस का रं? सोनं गावलं, असंच म्हनली! माझा कान खरा, माझा शब्द खरा. वांगी तू तुझ्या हातानं उपटलीस!" आणि परत म्हातारीकडं वळून विचारलं, "आन वासरू? नीट हुतं का वो?"

मुलाच्या बापानं सुपारी उचलली आणि काय फोडली म्हणून सांगू, एक खांड माझ्या टोपीत येऊन पडलं. आत माझी बायको रडत होती की हसत होती, मला अजून कळलेलं नाही. मेव्हण्याच्या बायकोनं मात्र त्या गडबडीत काथवट हातात घेऊन आधी पाण्यानं धुतली, मग राखेनं घासली, आणि पाव्हण्यांना त्याच काथवटीतल्या पिठाच्या भाकरी वाढल्या. चंद्रासारख्या गोल.

पुढच्या साली एका सकाळी तो आष्ट्याला आला. पटका कोरडा, सोगा मोकळा, दोन्ही हात रिकामे. ओसरीवर बसला आणि म्हणाला, "आक्का, पोरीला पोरगा झाला." बायको उंबऱ्यात उभी राहून त्याच्या मागं बघत राहिली. आता हा बाळंतीण घेऊन आला की पाळणा, असं तिला वाटलं असणार. मीही जरा मान लांब केली. वाटेवर कुणीच नव्हतं.

"आगं, मी सांगतोय की," तो म्हणाला.

बायकोनं आत जाऊन साखर आणली आणि त्याच्या हातावर ठेवली.

आता तो नाही. तो गेल्याचा निरोप घेऊन माणूस आला तेव्हा मीच हट्टाला पेटलो. 'पुरावा दाखव' म्हणालो. त्या गरीब माणसानं मान खाली घातली. अजून कधी सासुरवाडीला गेलो तर घाटावर जाऊन बसतो. मळीत वांगी जोरात आहेत. पैलतीरावरनं बायका हाळ्या देतात, पण माझे कान कुठं त्याच्यासारखे? शब्द काही लागत नाहीत. मी आपला हात वर करून, गावलं म्हणून सांगतो.