ओळखीचा भाव

घुग्घुसच्या बाजारात सगळे म्हणायचे, मन्सूरभाऊ इन्कम टॅक्सचा खबऱ्या आहे. दर गुरुवारी अकरा दुकानांत भाव विचारतो, वहीत लिहितो, घेत काहीच नाही. मी त्यांची नक्कल करायची, तीही डोळे बारीक करून: "तूर डाळ. मध्यम. खुली. आजचा?" बाजार लोटपोट.

खबऱ्या वगैरे काही नाही. ते खाणीतले निवृत्त टाइमकीपर. बँकांचा व्याजदर बदलला की किती महिन्यांनी कामं घटतात आणि किती महिन्यांनी भाव हलतात, यावर नागपूरच्या एक प्राध्यापक बाई अभ्यास करत होत्या. कोळशाची पाच गावं निवडलेली. आमच्या गावचे भाव, आणि ठेकेदारांच्या गेटवर कामाला घेतलेल्या माणसांचा आकडा, मन्सूरभाऊ पाठवायचे. विकत काही घ्यायचे नाहीत, कारण बायको, साबिराबाई, वारल्यापासून त्यांची चूलच पेटली नव्हती. खानावळीचा डबा यायचा.

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर ते आमच्या किराणा दुकानासमोरच्या बाकावर एक पत्र घेऊन बसले होते.

"काय झालं, काका?"

"बाई लिहिते, शहाण्णवच्या जूनमध्ये घुग्घुसात सगळंच एकदम स्वस्त झालं. बाकी चार गावांत नाई. कारण सापडलं नाई त घुग्घुस वगळून टाकतो म्हणते. चार वर्षं, मयुरी. एक गुरुवार चुकला नाई."

"मंग जूनमध्ये काय झालतं?"

"साबिरा गेली."

ते वही मिटत म्हणाले, "तुझे बाबा मले कमी भाव सांगतात."

"हट्! आमचे बाबा सख्ख्या मामाले नाई सोडत! लावा शर्त. एक प्लेट भजे."

"अन् तू हारली त मी सांगीन ते करजो."

समोरच्या एसटीडीतून मी दुकानात फोन लावला आणि ट्रकवाल्याचा आवाज काढला: "सेठ, तूर दाल क्या भाव?"

"चौतीस," बाबा म्हणाले. पोरीचा आवाज ओळखला नाही.

लगेच मन्सूरभाऊ आमच्या दुकानाच्या पायरीवर. "तूर डाळ. मध्यम. खुली. आजचा?"

"बत्तीस लिहा."

"लटारूभाऊ, आत्ता फोनवर चौतीस सांगितला."

बाबांनी तराजू उगाच पुसला. "एकटा माणूस हाय तुमी. उद्या घ्यावंसं वाटलं त जड नको जाले."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

मग ते अकराही दुकानांत फिरले. भाव नाही विचारला. विचारलं, "माह्यावर किती दया केली?" साबणवाला म्हणाला, एक रुपया. लुगडेवाला पंधरा म्हणाला आणि डोळे पुसू लागला. ती सूट जुन्या भावांत परत मिळवून त्यांनी खरे आकडे बाईंना पाठवले. शेवटी प्रत्येकाला सांगून आले, "आता मले पराया समजा." घुग्घुस अभ्यासात राहिलं.

तेव्हापासून त्यांना सगळे खरा भाव सांगतात. चटकन सांगतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात. "बसा, चहा घ्या"ही बंद झालं.

आणि माझी शर्त? मला वाटलं, नक्कल बंद कर म्हणतील. ते बाकावर सरकून मला जागा करत म्हणाले, "माही नक्कल करून दाखव. घरी बोलाले कोणी नाई. मी कसा बोलतो, मलेच आठवत नाई."

हरलेली मी. करावी लागली. या वेळी डोळे बारीक केले नाहीत.