मोरांच्या चादरीमागचा नळ

“अक्का, रिपोर्टमध्ये हिपॅटायटिस सी आलाय,” डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे न बघता टेबलावरचा कागद सरळ करत बसले.

हिपॅटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणारी लिव्हरची लागण. माझ्या किडन्या आधीच गेलेल्या. पिंपळनेरहून धुळ्याला डायलिसिसला, म्हणजे मशीनवर रक्त धुऊन घ्यायला, आठवड्यातून दोनदा यायचे. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हाच.

“कुठून झालं?” मी विचारलं.

“सांगता येत नाही. सेंटरमध्येही होऊ शकतं. हात, मोजे, सुई, कुठे रक्ताचा थेंब राहिला तरी पुरे.”

मला एकदम तो नळ आठवला. आमच्या सेंटरमध्ये माझ्या खुर्चीशेजारी हात धुवायचं बेसिन होतं आणि त्याचा नळ कधीचा कोरडा होता. सिस्टर त्याच मोज्यांनी एका पेशंटवरून दुसऱ्याकडे जायच्या. आम्ही दर वेळी बघायचो आणि गप्प बसायचो.

मला वेगळं मशीन दिलं, खुर्ची मात्र तीच. तेवढ्यात तपासणीचं पथक येणार अशी बातमी आली. पथक म्हणजे सेंटर नियमाने चालतं की नाही ते बघणारे सरकारी डॉक्टर. सिस्टर म्हणाल्या, “घरून चांगल्या चादरी आणा. कोणी विचारलं तर सगळं छान सांगा. सेंटर बंद पडलं तर हाल तुमचेच.”

आणि आम्ही आणल्या! मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी तयारी. कोणी झेंडूची माळ आणली, कोणी नवं लुगडं नेसून आली. मीसुद्धा लेकीच्या लग्नातली मोरांची चादर आणली. सिस्टरने ती नेमकी त्या बेसिनवर टाकली. माझ्या अंगाची लाही झाली, पण सुया टोचलेल्या होत्या आणि मशीन त्यांच्या हातात होतं.

पथकातल्या मॅडम एकेकाला विचारत आल्या, “काही त्रास?”

पलीकडच्या खुर्चीत शिंदखेड्याकडचे नाना होते. सिस्टरने पढवलं होतं तसंच ते आपल्या अहिराणीत म्हणाले, “बठ्ठं चांगलं शे, मॅडम. काही तरास नही.”

मग मॅडम माझ्यासमोर आल्या. दारात माझे यजमान उभे होते, यांनी मानेनंच ‘बोलू नको’ म्हटलं. माझं रक्त नळीतून फिरत होतं आणि सेंटरचे डॉक्टर मॅडमच्या मागेच उभे होते. सेंटर बंद पडलं तर चार दिवसांत अंगात पाणी भरून जीव गुदमरतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

डावा हात सुयांत अडकलेला, उजवा मोकळा होता. त्या हाताने मी माझी चादर ओढली.

मॅडमनी नळ फिरवला. पाणी आलं नाही.

सेंटर बंद झालं. आम्हाला दुसऱ्या दवाखान्यांत वाटून दिलं, पण तिथे आधीच रांग. माझा नंबर लांबला. पाय सुजले, आडवं झालं की श्वास कोंडायचा, यांच्या खांद्याला टेकून बसून राहायचे. नानांचीही तीच गत. तिथल्या बाकावर ते सगळ्यांदेखत म्हणाले, “अक्का, तू आमना पोटवर पाय दिधा. आते आम्ही कोठे जावो?” नानांना काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं, खरंच सांगते.

सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. नानांचं रक्त स्वच्छ निघालं. मी गोळ्यांचा कोर्स पुरा केला आणि माझ्याही रिपोर्टमध्ये विषाणू दिसेनासा झाला. सेंटर पुन्हा उघडलं, तेव्हा नळ कोपराने उघडायचा होता आणि त्याला धो धो पाणी होतं. नाना मात्र माझ्याशी बोलत नव्हते.

तुमच्यापैकी कोणी अशा खुर्चीत बसून गप्प असेल, तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. जीव टांगलेला असताना बोलणं सोपं नसतं. मला एवढंच कळलं की तपासायला येणारा पाहुणा नसतो. त्याच्यापासून लाज झाकली तर तो बिचारा बघणार काय?

परवा पथक पुन्हा आलं. मॅडमनी पलीकडच्या खुर्चीपाशी थांबून तेच विचारलं, “काही त्रास?”

नानांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग शेजारच्या स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाले, “बसा मॅडम. सांगाले येळ लागी.”