गाळलेलं ‘आपलं’

“‘आपलं’ म्हणू नकोस,” मी तिसऱ्यांदा सांगितलं. “नुसतं नाव सांग.”

“व्हय जी. आपलं नुसतं सोनबा.”

मी टाक दौतीत बुडवला आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजले. अकरा वाजून गेले होते. बाहेर ओटीवर अजून पाच जण बसले होते आणि पाचही जणांना बोलता येत होतं, हेच माझं दुःख होतं.

भोरच्या एका फौजदारी कचेरीत मी जबान्या लिहायचो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. जबानी म्हणजे आरोपी किंवा साक्षीदार जे बोलतो ते कागदावर उतरवायचं, त्याला वाचून दाखवायचं आणि खाली त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. अंगठा उमटला की तो कागदच खरा. मग माणूस काय बोलला होता याला काही किंमत उरत नाही.

लोकांना वाटतं, ऐकलं ते लिहिलं, त्यात काय आहे? एक दिवस बसून बघावं. माणसं बोलतात त्यातलं निम्मं कशासाठीच नसतं. वेल्ह्याकडची माणसं प्रत्येक शब्दाआधी ‘काय म्हंत्यात त्ये’ म्हणून थांबायची. काय म्हणतात ते मला ठाऊक असायचं, पण सांगायची सोय नव्हती. भोरातली शिकलेली मंडळी याहून वाईट. एक वकील प्रत्येक वाक्य ‘म्हणजे त्याचं असं आहे’ इथून सुरू करायचे आणि त्याचं कसं आहे ते शेवटपर्यंत कळायचं नाही. कचेरीचा पैसाअडका सांभाळणारे आमचे नाझर ‘त्यातला भाग असा’ म्हणायचे. मॅजिस्ट्रेटसाहेब दर दोन मिनिटांनी ‘थोडक्यात काय?’ विचारायचे. त्यांच्या ‘थोडक्यात’पायी रोज अर्धा तास जायचा. संध्याकाळपर्यंत माझं डोकं उठायचं. घरी गेल्यावर बायको म्हणायची, तुम्हीसुद्धा वाक्यागणिक ‘असो’ म्हणता. मला ते पटलं नाही. असो.

यावर मी एक उपाय काढला होता. तांदळातले खडे निवडावेत तसे मी हे शब्द काढून टाकायचो. माणूस पाच मिनिटं बोलला तरी माझ्या कागदावर चार ओळी. साहेब खूश होते. “दामल्यांची जबानी वाचायला श्रम पडत नाहीत,” असं ते एकदा चारचौघांत म्हणाले, आणि ते वाक्य मी घरी दोनदा सांगितलं होतं.

सोनबा तोरण्याच्या पायथ्याकडचा. पन्नाशीचा, माझ्याहून वयानं मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करत होतो, कारण आरोपीला तसंच बोलायची तेव्हा रीत होती. त्याच्यावर चोरीची केस होती. उत्रोलीचे एक भातशेतीवाले, गावात सगळे त्यांना तात्या म्हणायचे, त्यांची फिर्याद होती. सोनबानं त्यांच्या गोठ्यातून वासरू सोडून नेलं, असं त्यांचं म्हणणं. सोनबा वासरासकट वाटेतच सापडला होता.

“काय झालं ते सांग,” साहेब म्हणाले. “थोडक्यात.”

“म्या आपलं सकाळच्याला आपलं उत्रोलीला आलो,” सोनबा म्हणाला. “आपलं गोठ्यावं कुनी न्हवतं. म्या आपलं दावं सोडलं, आपलं वासरू घितलं आन आपलं वाट धरली.”

मी लिहिलं : ‘मी सकाळी उत्रोलीस आलो. गोठ्यावर कोणी नव्हते. दावे सोडले व वासरू घेऊन निघालो.’

सहा ‘आपलं’ गाळले. हातासरशी मोजले होते, म्हणून आकडा ध्यानात आहे. मग त्याला वाचून दाखवलं. “बरोबर आहे का?” विचारल्यावर तो “व्हय जी” म्हणाला. बरोबरच होतं, त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यानं अंगठा दिला.

साहेबांनी कागद पाहिला. “कबुलीच आहे ही. उद्या सकाळी ऑर्डर सांगतो. तीन महिने सक्तमजुरी.”

सोनबाला कोठडीत नेलं. जाताना तो शिपायाला विचारत होता की लावणीपर्यंत घरी जायला मिळेल ना. भाताची लावणी पंधरा दिवसांवर होती. तीन महिने आत म्हणजे त्याचं वर्ष बुडालं. पण चोरी करणाऱ्यानं हा विचार आधी करावा, असं मला वाटलं. हे मी आज लपवत नाही.

दुपारी मी जबान्या फाइलला लावत होतो. आमचा शिपाई विठोबा पानशेतकडचा. नोकरीत आणि वयात माझ्याहून जुना. दाराला टेकून तो म्हणाला, “भाऊसाहेब, त्या सोनबाला उंद्या सोडत्याल न्हवं?”

“कशाला सोडतील? कबूल झालाय तो.”

“काय कबूल झालाय?”

“वासरू नेलं म्हणून.”

“आपलं वासरू न्हेलं म्हनला त्यो. म्या दारातच हुबा व्हतो.”

“विठोबा, तो माणूस नावसुद्धा ‘आपलं सोनबा’ सांगतो. ते ‘आपलं’ म्हणजे उगीचचं आपलं.”

“पाच उगीचचं असत्याल,” विठोबा म्हणाला. “सहावं बी उगीचचंच, हे कशावरनं?”

मी त्याच्यावर खेकसलो. काम नाही का तुला, असं काहीतरी बोललो. तो गेला. मग मी तो कागद पुन्हा काढला आणि ‘वासरू’च्या आधी ‘आपलं’ घालून वाचला.

ज्यांना ही भानगड लक्षात येत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ‘मी आपलं गप्प बसलो’ यातल्या ‘आपलं’ला काही अर्थ नाही. ‘मी आपलं घर झाडलं’ यातलं ‘आपलं’ म्हणजे स्वतःचं. वासरू शब्द नपुंसकलिंगी. त्यामुळे ‘आपलं वासरू घितलं’ याचे दोन्ही अर्थ होतात. एकात तो चोर ठरतो, दुसऱ्यात स्वतःचं जनावर नेणारा मालक. आणि मधला शब्दच मी काढून टाकला होता.

कोठडीपाशी जाऊन सोनबाला सरळ विचारावं, असं फार वाटलं. पण जबानी झाल्यावर कारकून आरोपीशी बोलला, तर त्याला पढवलं असंच कुणीही म्हणणार. मी घरी गेलो. बायकोनं विचारलं, काय झालं? जबानीत फेरफार केला म्हणून नोकरी जाऊ शकते, हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

सकाळी साहेबांच्या खोलीत गेलो.

“साहेब, सोनबाच्या जबानीत मी एक शब्द गाळलाय.”

“कोणता?”

“‘आपलं’.”

“तो तुम्ही नेहमीच गाळता. बरं करता.”

“या वेळी तो नेहमीचा नसावा.”

“थोडक्यात काय?”

ते थोडक्यात सांगता येण्यासारखं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना सविस्तर ऐकायला लावलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“दामले, कुठला शब्द कामाचा आणि कुठला बिनकामाचा, हे कोण ठरवतं?”

“मी, साहेब.”

“किती वर्षं?”

“अकरा.”

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि जबानीचा कागद पुढं ओढला. मग म्हणाले, “आज विचारलं तर तो माझंच वासरू म्हणेल. सगळेच म्हणतात. काल तो काय म्हणाला ते मला पाहिजे. आणि ते कुठंच लिहिलेलं नाही.”

“एक करता येईल,” मी म्हणालो. रात्रभर माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. “उगीचचं ‘आपलं’ कधी बदलत नाही. तो काल ‘आपलं वाट धरली’ म्हणाला. वाट ‘ती’ असते, तरी ‘आपली’ नाही म्हणाला. पण स्वतःची वस्तू असली की माणूस आपली, आपला असंच म्हणतो. ते वासरू मादी आहे. सोनबाला वासरू म्हणू देऊ नका. कालवड म्हणायला लावा आणि पहिल्यापासून सांगू द्या.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “हे मात्र त्याला कोणी पढवलेलं नसेल,” ते म्हणाले. “बोलवा.”

सोनबा उभा राहिला. पलीकडे तात्या आणि त्यांचे वकील. साहेब म्हणाले, “वासरू म्हणायचं नाही, कालवड म्हणायचं. गोठ्यात गेल्यापासून काय काय झालं ते परत सांग. घाई नाही.”

घाई नाही, हे शब्द त्या कचेरीत मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते.

“म्या आपलं गोठ्यात शिरलो,” सोनबा म्हणाला. “आपलं गाय बसल्याली. आपलं गाईला हात न्हाई लावला. म्या आपलं, आपली कालवड सोडली आन आपलं वाट धरली.”

मी सगळं लिहिलं. एकही शब्द सोडला नाही. ‘आपलं गाय’ आणि ‘आपली कालवड’ यांच्याखाली रेघ ओढली आणि कागद साहेबांपुढं सरकवला.

“गाईला हात का नाही लावला?” साहेबांनी विचारलं.

“गाय तात्यांची हाय. ती कशापाई न्यायची?”

“आणि कालवड?”

“गाय तात्यांची, पर चार सालं संबाळली म्या, अर्धलीनं. पयलं वेत त्यांचं, दुसरं आपलं. ही दुसऱ्या वेताची. तात्या गाईसंगं हिला बी घिऊन गेलं.”

अर्धली म्हणजे जनावर एकाचं, राखणारा दुसरा, आणि होणारी वासरं निम्मी निम्मी. डोंगरातली जुनी रीत. तिचा कागद कोणी करत नाही. या वेळच्या ‘आपलं’विषयी मात्र कुणालाच शंका नव्हती.

“मग हे काल का नाही सांगितलंस?”

“सांगितलं की सायब. आपलं वासरू घितलं म्हनलं म्या.” त्यानं माझ्याकडं बोट केलं. त्याच्या चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता. “ह्या भाऊसायबांनी लिवलं की.”

मान वर करायची माझी हिंमत झाली नाही.

साहेब तात्यांकडं वळले. तात्यांनाही एक पालुपद होतं आणि ते मी आदल्या दिवशी त्यांच्या जबानीतून पाच-सात वेळा गाळलं होतं.

“गाय अर्धलीनं दिली होती का?”

“खरं सांगायचं तर…” तात्या म्हणाले आणि तिथंच अडकले.

“सांगा ना,” साहेब म्हणाले. “खरंच सांगायचंय.”

वकिलांनी ‘म्हणजे त्याचं असं आहे’ असं सुरू केलं. साहेबांनी हातानंच त्यांना खाली बसवलं. तात्यांनी उपरण्यानं मान पुसली. “खरं सांगायचं तर, दिली होती. पण पहिल्या वेताचं वासरू मेलं, तेव्हा हे पहिलंच धरायचं, असं आमचं म्हणणं.”

“ते तुमचं म्हणणं दिवाणीत सांगा,” साहेब म्हणाले. “हा हक्काचा वाद आहे, चोरी नव्हे.”

सोनबाला त्याच दिवशी सोडलं. लावणीच्या आधी तो घरी पोचला. तात्या दिवाणीत गेले नाहीत. मी जे घडलं ते लेखी दिलं, आणि माझ्या नोकरीच्या कागदात एक वाईट शेरा पडला. साहेबांनी तो स्वतःच्या हातानं लिहिला आणि त्यातला एकही शब्द वावगा नव्हता.

पुढं मी सगळंच लिहायला लागलो. ‘आपलं’, ‘काय म्हंत्यात त्ये’, सगळं. जबान्या चार-चार पानं व्हायला लागल्या. शाई दुप्पट जायची, बोटं दुखायची आणि चिडचिड पूर्वीहून जास्त व्हायची. माणसं तेवढंच निरर्थक बोलत होती. ‘काय म्हंत्यात त्ये’ ऐकलं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. धंद्यातलं शिकलो ते एवढंच, की वैतागायचा हक्क लिहिणाऱ्याला आहे, निवडायचा नाही.

त्या पावसाळ्यात एकदा काम कमी होतं. मी रेकॉर्डच्या खोलीत गेलो आणि माझ्या हातच्या जुन्या जबान्या काढून बसलो. अकरा वर्षांच्या. सगळ्या स्वच्छ, चार-चार ओळींच्या. ‘भात कापले.’ ‘झाड तोडले.’ ‘गवत नेले.’ भात, झाड, गवत. सगळे शब्द नपुंसकलिंगी.

एक कागद एका विधवा बाईचा होता. ‘दिराच्या घरातून तांब्याचे पातेले उचलून नेले.’ खाली अंगठा, त्याखाली ऑर्डर. तिनं तीन महिने भोगले होते. बाई डोळ्यांपुढं उभी राहिली, तिचा पदर, तिचा चिरका आवाज. खूप बोलत होती आणि मी कंटाळलो होतो, हेही आठवलं. ती नुसतं पातेलं म्हणाली होती की आपलं पातेलं, ते काही केल्या आठवेना.