मांडीला शिवलेलं दप्तर

काल ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि लेकीचं जुनं हिरवट दप्तर हाती लागलं. त्याच्या पाठीला माझ्या पँटीचा तुकडा अजून तसाच आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी फौजेतून रजेवर कोरेगावला आलो होतो. लेकीची शाळा सुरू व्हायची आणि माझी रजा संपायची, दोन्ही एकाच सकाळी. जुन्या वर्दीचं दप्तर मीच मांडीवर घेऊन शिवलं. ऐटीत शेवटची गाठ मारून उठलो, तर दप्तरही माझ्याबरोबर उठलं! पँट उतरवावी, तर समोर सासूबाई.

"आवं, एष्टी चुकंल! कापा की," बायको हसत म्हणाली.

लेक हसली नाही. दप्तराचा बंद घट्ट धरून म्हणाली, "कातर मी लपिवलीया. आता आबा कुटं जायाचं न्हाईत."

"आगं, सायब रागवंल त्यास्नी," बायको म्हणाली.

मग लेकीनंच कातर आणून दिली, रडत. दप्तर वाचवून मी पँट कापली. तेव्हा ती नुसती फजिती वाटली होती. पण पँटीचं ते भोक पुढच्या रजेपर्यंत मी काही शिवलं नाही.