चिमणीचे खूर आणि फुईचे वार

वारांचा धाक आमच्या फुईइतका दुसऱ्या कुणी घेतला असेल, असं मला वाटत नाही. फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ब्राह्मणपुरीत केळीच्या बागेला लागून तिचं घर, आणि घरात ती एकटी. शनिवारी तेल आणायचं नाही, बुधवारी लेकीला सासरी धाडायचं नाही; नखांचं तर विचारूच नका. मंगळवार, गुरुवार, शनिवार बाद. एकादशी, अमावस्या बाद. दिवेलागणीनंतर नावही काढायचं नाही. एका शनिवारी मी तिच्या ओसरीवर बसून दातानं नख कुरतडत होतो, तर तिनं माझ्या तोंडात भाकरीचा तुकडा कोंबला. "खावानंच शे ते भाकर खाय," म्हणाली.

अशा बाईनं सारंगखेड्याच्या यात्रेत तवा आणायला जावं आणि घोडी घेऊन यावं, हे तिलाच शोभतं. घोडी तरी कसली, माझ्या कमरेलाही लागत नव्हती, म्हणून नाव पडलं चिमणी. बुटक्या जातीची, वयानं पूर्ण वाढलेली; पण फुईला ते पटेना. "वाढी जाई," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला वर्षभर सांगत राहिली. चिमणी काही वाढली नाही. वाढले ते तिचे खूर.

लाड कमी होते असं मात्र कुणी म्हणू नये. ओल राहिली की तळवा सडतो, हे ऐकल्यापासून फुई रोज सकाळी उलथन्याच्या दांड्यानं चिमणीच्या खुरांतली शेण-माती काढायची, कडुलिंबाच्या पाण्यानं तळवे धुवायची आणि जुन्या लुगड्यानं टिपायची. फक्त खूर कापू द्यायची नाही. शहाद्याचा नालबंद तिला समजावून थकला. खडकावर चालणाऱ्या घोड्यांचे खूर झिजतात, ही मऊ काळ्या मातीत वावरते, म्हणून दीड-दोन महिन्यांनी कापावेच लागतात, असं तो म्हणायचा. पण आमच्या बाजूला तो यायचा शनिवारी.

"मावशी, घोडीले वार कयत नहीत," तो म्हणाला.

"तिले नही कयत, माले कयतंस. खूर म्हणजे नखच शे ना?"

मग बुधवार ठरवला तर एकादशी निघाली. शुक्रवार धरला तर नालबंद कुणाच्या वरातीत घोडा घेऊन गेलेला. आम्ही हसायचो. तोवर चिमणीच्या खुरांची टोकं मोजडीसारखी वर वळली होती. ती टाचांवर भार टाकून चालायची, वळताना अडखळायची, आणि हळूहळू बसूनच राहू लागली. तेव्हा मात्र आमचं हसू आटलं.

एके दिवशी ती उठलीच नाही. गुरांचा डॉक्टर नालबंदाला घेऊन आला. डॉक्टरनं पाय चाचपले आणि सांध्यांवर फार ताण आलाय, खूर आजच कापायला हवेत, म्हणाला. तो शनिवार होता, आणि त्यात अमावस्या. आम्ही सगळे फुईकडे बघत राहिलो. ती पुढे झाली. खाली बसली, चिमणीचा पाय स्वतःच मांडीवर घेतला आणि म्हणाली, "कापा." मला फार वाईट वाटलं.

चिमणी उभी राहिली. दोन-चार सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन तिनं भाकरीही मागितली. पण सांधे कामातून गेले होते. ती पुन्हा बसली आणि तिथेच गेली. शेजारणी अमावस्येवर बोट ठेवू लागल्या, तशी फुई कडाडली, "अमावस्यानी नही गयी ती. चांगला वार दखता दखता गयी."

यंदा फुई पडली आणि तिनं अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो, तेव्हा तिची नखं वाढलेली दिसली. नेलकटर काढला आणि शनिवार असल्याचं आठवून पुन्हा खिशात घातला. तिनं ते पाहिलं. हात पुढे केला.

"काप. वार नको दखू."

हाताची झाली, तशी पांघरुणातून पायही बाहेर काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवले. मी कापत होतो आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे बघत होती.